संचालकांचा बैठक भत्ता : ठरवायचा कसा, द्यायचा कसा आणि दप्तरी कसा लावायचा

कोल्हापूर जिल्ह्यात करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेत मी अठरा वर्षं सचिव होतो. आमची मासिक सभा सकाळी अकराला असायची. महिला राखीव जागेवरून निवडून आलेल्या एक मावशी दाराजवळच्या खुर्चीवर बसायच्या आणि सगळं लक्ष देऊन ऐकायच्या. एकदा सभा लांबली, दीड वाजला. सगळे चहा पिऊन पांगल्यावर त्या माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "सचिव, आज भांगलणीचा रोजगार बुडला माझा. त्यो कुणी द्याचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या संस्थेत तेव्हा बैठक भत्ता नव्हताच. संचालकपद म्हणजे मान, त्याला पैसा कशाला, असं सगळेच म्हणायचे. म्हणणाऱ्यांत ऊस कारखान्याला घालणारे होते, नोकरीतून निवृत्त झालेले होते. त्यांचा त्या दुपारी रुपयाही बुडत नव्हता. मावशींचे मात्र दीडशे रुपये गेले होते. पुढच्या दोन सभांना त्या आल्या नाहीत आणि मी त्यांच्या नावापुढं 'गैरहजर' लिहिलं. ती दोन 'गैरहजर' मला आजही बोचतात.

सहकार कायद्यानं संचालक मंडळात महिलांना दोन जागा राखून दिल्या आहेत. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गासाठीही एकेक जागा आहे. कागदावर जागा आहे, पण तिथं येऊन बसायला रोजगार बुडवावा लागत असेल तर ती जागा रिकामीच राहते. म्हणून बैठक भत्त्याच्या बाजूनं मी ठाम आहे. आणि तेवढाच ठाम आहे की हा भत्ता सगळ्या सभासदांसमोर ठरला पाहिजे आणि खरोखर झालेल्या बैठकीलाच मिळाला पाहिजे. नंतर तीन-चार संस्थांचं दप्तर लावून देताना जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितो. उदाहरणं गावच्या दूध संस्थेची आहेत. विकास सेवा संस्था, ग्राहक भांडार, पाणीपुरवठा संस्था यांनाही बराचसा भाग तसाच लागू पडतो.

पहिली पायरी : आपली संस्था कुठल्या कायद्याखालची?

हे न बघताच लोक दराचं भांडण सुरू करतात. ग्रामपंचायतीत हा प्रश्न गावानं सोडवायचाच नसतो. सरपंच-उपसरपंचांचं मानधन आणि सदस्यांचा बैठक भत्ता शासन ठरवतं. २०२४ मध्ये राज्य सरकारनं मानधन दुप्पट केलं. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात सरपंचांचे ३,००० चे ६,००० झाले, उपसरपंचांचे १,००० चे २,०००. तिथं ग्रामपंचायतीनं स्वतःचा ठराव करून आकडा वाढवता येत नाही.

सहकारी संस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि संस्थेचे स्वतःचे पोटनियम. शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर कंपनी कायदा. तिथं संचालकांना बैठकीची फी किती द्यायची ते सभासदांनी सर्वसाधारण सभेत ठरवायचं असतं. सार्वजनिक न्यास असेल तर आधी न्यासपत्र उघडा. त्यात तरतूद नसताना विश्वस्तांनी स्वतःसाठी काही घेऊ नये. यापुढचं सगळं मी सहकारी संस्था धरून लिहितो, कारण आपल्या जिल्ह्यात गावागणिक दूध संस्था आहे आणि तिथंच हा विषय सगळ्यात जास्त अंदाधुंद चालतो.

दुसरी पायरी : पोटनियमातली ओळ शोधा

कपाटातली पोटनियमांची पुस्तिका काढा. नोंदणीचा शिक्का असलेली मूळ प्रत हवी. पुष्कळ संस्थांत कुणीतरी टाइप करून आणलेली झेरॉक्स वापरात असते आणि मधल्या दुरुस्त्या तिच्यात नसतात. मूळ प्रत सापडत नसेल तर ज्या निबंधकाकडे नोंदणी आहे तिथून प्रत घ्या. दूध संस्थांसाठी ते कार्यालय सहायक निबंधक (दुग्ध) यांचं असतं. बाकीच्या संस्थांनी तालुक्याच्या सहायक निबंधक किंवा उपनिबंधकांकडे जायचं.

पुस्तिकेत दोन ठिकाणी बघा : 'सर्वसाधारण सभेचे अधिकार' आणि 'संचालक मंडळाचे अधिकार व कर्तव्ये'. कुठंतरी 'भत्ता', 'प्रवासखर्च' किंवा 'मानधन' हा शब्द येतो. त्या ओळीत भत्ता ठरवायचा अधिकार कुणाला दिला आहे आणि कमाल मर्यादा लिहिली आहे का, हे नीट वाचा. तुमच्या प्रकारच्या संस्थेला सहकार खात्याचं एखादं परिपत्रक लागू आहे का, हेही त्याच फेरीत निबंधक कार्यालयात विचारून घ्या, आणि उत्तर लेखी मागा.

ओळच नसेल तर पोटनियम दुरुस्ती करावी लागते. सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बहुमतानं दुरुस्तीचा ठराव व्हावा लागतो आणि सभेपासून दोन महिन्यांच्या आत प्रस्ताव निबंधकांकडे जावा लागतो. दुरुस्ती नोंदली जाईपर्यंत भत्ता सुरू करू नका. "ठराव झालाय, नोंदणी होईलच की," असं म्हणून चार महिने भत्ता वाटलेली संस्था मी बघितली आहे. ऑडिटमध्ये ती रक्कम वसुलीला निघाली आणि संचालकांनी खिशातून भरली.

तीन शब्द, तीन खाती

बैठक भत्ता, प्रवासखर्च आणि मानधन हे तिन्ही बोलताना 'मिटिंगचे पैसे' म्हणून एकत्र होतात. दप्तरात ते एकत्र होता कामा नयेत.

बैठक भत्ता म्हणजे सभेला हजर राहण्यात गेलेल्या वेळेचा मोबदला. तो दर सभेला, फक्त हजर असलेल्याला आणि सगळ्यांना सारखा.

प्रवासखर्च म्हणजे संस्थेच्या कामासाठी गावाबाहेर गेल्यावर झालेला खर्च. निबंधक कार्यालयात, बँकेत किंवा संघाच्या सभेला प्रतिनिधी म्हणून कोणी गेलं तर एसटीचं तिकीट किंवा ठरलेला किलोमीटर दर. गावातल्या गावात सभेला यायला प्रवासखर्च लागत नाही. बोलावणाऱ्या संस्थेनं भाडं दिलं असेल तर आपल्या संस्थेतून ते पुन्हा उचलायचं नाही. व्हाउचरवरच तशी एक ओळ लिहून सही घ्यावी.

मानधन वेगळं. चेअरमननी वर्षभर काम केलं म्हणून नफ्यातून ठराविक रक्कम दिली जाते ते मानधन. सहकार कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे निव्वळ नफ्यातून मानधन देता येतं, पण वार्षिक सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय नफ्याचा कुठलाही भाग वाटता येत नाही. म्हणजे मानधन येतं नफा वाटणीत आणि बैठक भत्ता येतो नफा-तोटा पत्रकात, खर्चाच्या बाजूला. संस्था तोट्यात असली तर मानधनाचा प्रश्नच उरत नाही. भत्ता चालू ठेवायचा की नाही हे मात्र सभासदांनी ठरवायचं.

खतावणीत तिन्हींची पानं वेगळी काढा. 'किरकोळ खर्च' या पानावर भत्ता टाकला की सभासदाला पहिली शंका तिथंच येते, आणि ती रास्त असते.

दर काढायचा हिशेब

शेजारच्या संस्थेत पाचशे देतात म्हणून आपणही पाचशे, हा काही हिशेब नव्हे. मी दोन बाजूंनी मोजतो.

एक बाजू माणसाची. सभा तीन तास चालते, जाणं-येणं धरून अर्धा दिवस जातो. गावात बाईमाणसाचा आणि गड्याचा अर्ध्या दिवसाचा रोजगार किती आहे ते बघा आणि दोन्हींतला जास्तीचा आकडा धरा. बाईला कमी रोजगार मिळतो म्हणून भत्ता कमी धरायचा, हे संस्थेनं तरी करू नये. त्यापेक्षा फार कमी भत्ता ठेवला तर रोजगारी संचालक येणार नाही. फार जास्त ठेवला तर भत्त्यासाठी सभा लागायला लागतात.

दुसरी बाजू संस्थेची, आणि दूध संस्थेत ती लिटरवर मोजायची. समजा ११ संचालक आहेत, वर्षाला १२ सभा आणि भत्ता १५० रुपये. सगळे सगळ्या सभांना आले तर वर्षाचा खर्च होतो १९,८०० रुपये. संस्थेचं संकलन दोन्ही वेळचं मिळून रोज ६०० लिटर असेल तर वर्षाचं दूध २,१९,००० लिटर. भागाकार केला की लिटरमागं साधारण ९ पैसे येतात. संकलन रोज १५० लिटरच असेल तर वर्षाचं दूध ५४,७५० लिटर, आणि तोच भत्ता लिटरमागं ३६ पैशांवर जातो.

९ पैसे आणि ३६ पैसे यांतला फरक सभासदाला लगेच कळतो, कारण तो फॅटच्या एकेका पॉइंटवर दराचा हिशेब करणारा माणूस आहे. दिवाळीला संस्था दुधाच्या दराचा फरक वाटते तेव्हा त्याला हे पैसे दिसतात. म्हणून सभेपुढं नुसता 'दीडशे रुपये' असा आकडा न नेता हा लिटरचा हिशेब फळ्यावर मांडा. आमच्या सभेत मांडला तेव्हा मागच्या रांगेतून एकानं विचारलं, "एवढंच होय?" आणि विषय पाच मिनिटांत संपला. लहान संस्थेत उलटही होईल. सभासद म्हणतील, भत्ता निम्मा करा किंवा दोन महिन्यांतून एक सभा घ्या. दुसरा मार्ग धरण्याआधी पोटनियमात किमान किती सभा लिहिल्या आहेत ते बघावं लागेल.

अटी आधी, आकडा नंतर

सगळी भांडणं अटी न लिहिल्यामुळं होतात, हा माझा अनुभव. त्यामुळं इथं जरा थांबून विचार करा.

सभा कोरमअभावी, म्हणजे पुरेसे संचालक न आल्यानं, तहकूब झाली तर काय? माझं मत असं : जे वेळेवर आले त्यांना भत्ता द्यावा, कारण त्यांचा वेळ गेलाच. पण त्याच तहकूब सभेची पुन्हा बैठक त्याच दिवशी झाली तर दुसऱ्यांदा नाही. काही संस्था तहकूब सभेला कुणालाच भत्ता देत नाहीत. तेही चालेल, फक्त लिहिलेलं असावं.

उशिरा येऊन लवकर जाणाऱ्याचं काय? हजेरी पुस्तकात 'आल्याची वेळ' आणि 'गेल्याची वेळ' असे दोन रकाने घाला. सभा सुरू झाल्यापासून अर्ध्या तासात आलेला आणि शेवटच्या विषयापर्यंत थांबलेला संचालक भत्त्याला पात्र, एवढी साधी अट पुरते. तब्येतीच्या किंवा घरच्या अडचणीमुळं मधून उठावं लागलं तर सभाध्यक्षांनी परवानगी दिल्याची एक ओळ प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, घालावी.

एका दिवशी मासिक सभा आणि उपसमितीची सभा दोन्ही झाल्या तर भत्ता एकच. महिन्यातून किती सभांना भत्ता मिळेल यालाही मर्यादा घाला. मी एकच सुचवतो, आणि वर्षातून दोन-तीन तातडीच्या सभांची मुभा. ही मर्यादा नसली की दर आठवड्याला सभा लागते आणि चार सभांत मिळून एका सभेचं काम होतं.

चेअरमन, व्हाइस चेअरमन आणि संचालक यांना दर एकच. चेअरमनचं काम जास्त असतं हे खरं, पण त्याची दखल मानधनात घ्यावी. सभेच्या खोलीत सगळ्यांचा वेळ सारखा. तज्ज्ञ संचालक घेतले असतील तर त्यांनाही तोच भत्ता. सचिव पगारी नोकर असल्यानं त्याला बैठक भत्ता नाही. मी स्वतः कधी घेतला नाही आणि कुणी घेऊ नये.

अटींत सभेची वेळही येते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आम्ही मावशींच्या प्रश्नानंतर सभा रात्री साडेआठला नेली, संध्याकाळचं संकलन उरकल्यावर. पुरुषांना बरं पडलं. पण ती नेमकी भाकरीची वेळ. दोन्ही महिला संचालकांनी सांगितलं की घरातून निघणं जमत नाही. शेवटी दुपारी चार ही वेळ ठरली, सहाच्या संकलनाआधी दोन तास. दोन तासांत सभा संपवायची सवय लागायला आम्हाला सहा महिने गेले.

ठराव

ज्यांना पैसे मिळणार त्यांनीच ते ठरवायचे, हे बरोबर दिसत नाही. म्हणून पोटनियमानं संचालक मंडळाला अधिकार दिला असला तरी विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढं न्या. ही सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. त्यामुळं तयारी जून-जुलैत सुरू करा. मासिक सभेत मंडळानं फक्त शिफारस करायची : एवढा दर, या अटी, वर्षाचा एवढा अंदाजे खर्च.

विषय नोटिशीत स्वतंत्र क्रमांकानं छापा. 'मा. अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे' या शेवटच्या ओळीखाली भत्ता मंजूर करून घेऊ नका. तोवर अर्धे सभासद उठून गेलेले असतात, आणि नोटिशीत नसलेल्या पैशाच्या विषयाला नंतर कुणीही हरकत घेऊ शकतो.

आपल्याकडं सभा कशा होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या दोन रांगा 'मंजूर, मंजूर' ओरडतात, मागून 'नामंजूर' येतं, आणि गोंधळात घंटा वाजते. भत्त्याच्या विषयाला हे होऊ देऊ नका. सूचक आणि अनुमोदक संचालक नसलेले सभासद असावेत. चर्चा होऊ द्या, मग हात वर करायला सांगा आणि मोजा. बाजूचे किती, विरोधातले किती, दोन्ही आकडे ठरावात लिहा. विरोध नसेल तरच 'सर्वानुमते' हा शब्द.

ठरावाचा मजकूर आम्ही असा लिहायचो :

"विषय क्र. ७ – संचालक मंडळ सभा बैठक भत्ता निश्चित करणेबाबत. ठराव : संस्थेच्या संचालक मंडळाच्या सभेस पूर्ण वेळ उपस्थित राहणाऱ्या प्रत्येक संचालकास प्रति सभा रु. १५०/- (अक्षरी रुपये एकशे पन्नास फक्त) बैठक भत्ता देणेत यावा. सदर भत्ता महिन्यातून एका सभेस व वर्षातून जास्तीत जास्त तीन तातडीच्या सभांस अनुज्ञेय राहील. एका दिवशी एकापेक्षा अधिक सभा झालेस एकच भत्ता देय राहील. कोरमअभावी तहकूब झालेल्या सभेस वेळेवर उपस्थित असलेल्या संचालकांस भत्ता देणेत यावा. भत्त्याची रक्कम संचालकाच्या बँक खात्यावर वर्ग करणेत यावी. सदर ठराव मंजूर झालेनंतरच्या पहिल्या मासिक सभेपासून लागू राहील. बाजूने मते – , विरुद्ध मते – ."

शेवटच्या दोन ओळी महत्त्वाच्या आहेत. मागच्या तारखेपासून भत्ता कधीही लागू करू नका. आणि निवडणूक तोंडावर आली असेल तर वाढीचा विषय नव्या मंडळापासून लागू करावा. म्हणजे घेणारे कोण असतील हे ठरवताना कुणालाच माहीत नसतं.

सभेच्या दिवशी

हजेरी पुस्तकाची एक गोष्ट सांगतो. एका संस्थेचं दप्तर माझ्याकडं आलं होतं. आषाढी एकादशीच्या दिवसाची मासिक सभा, सगळे संचालक हजर, अकरा सह्या. सगळ्या सह्या एकाच निळ्या शाईच्या, एका रेषेत, कुठंही खाडाखोड नाही. त्यात एका ठरावाला अनुमोदक म्हणून ज्या संचालकाचं नाव होतं ते दरवर्षी वारीला जाणारे, आणि त्या दिवशी पंढरपुरात होते. गावात सगळ्यांना माहीत होतं. सभा झालीच नव्हती. दुसऱ्या आठवड्यात शिपाई पुस्तक घेऊन घरोघरी फिरला होता आणि सह्यांबरोबर भत्त्याची पाकिटंही पोचती झाली होती. त्या एका पानामुळं वर्षभराच्या सगळ्या ठरावांवर प्रश्नचिन्ह लागलं, त्यात एक चांगला, खरा झालेला ठरावही होता, बल्क कूलर बसवायचा.

म्हणून हजेरी पुस्तक संस्थेच्या कार्यालयाबाहेर जाता कामा नये. पानं आधीच क्रमांक घातलेली हवीत. सभा सुरू होताना प्रत्येकानं स्वतः वेळ लिहून सही करायची. सभा संपली की सचिवानं शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारायची, 'एकूण हजर ९' असं अक्षरी आणि आकड्यात लिहायचं आणि सभाध्यक्षांची सही घ्यायची. त्या रेघेखाली नंतर कुणाची सही येऊ शकत नाही. गैरहजरांच्या नावापुढं तिथंच 'गैरहजर' लिहा, जागा मोकळी सोडू नका. अंगठा असेल तर शेजारी नाव आणि एका साक्षीदाराची सही.

प्रोसिडिंग त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी लिहून पुरं करा. कोण काय बोललं याचे चार शब्द त्यात आले पाहिजेत. 'चर्चा होऊन मंजूर' एवढंच लिहिलेल्या बारा सभांवर भत्ता घेतला तर सभासद विचारणारच की चर्चा कशाची झाली.

पैसे देताना

पाकीट नको, खात्यावर द्या. दूध बिलासाठी प्रत्येक उत्पादकाचं बँक खातं असतंच. पण भत्ता दहा दिवसांच्या दूध बिलात मिसळू नका. वेगळी नोंद, वेगळं वर्गीकरण. संचालकाकडं पशुखाद्याची किंवा उचलीची बाकी असेल तर तीही परस्पर भत्त्यातून कापायची नाही, लेखी संमती असेल तरच.

प्रत्येक सभेसाठी एकच भत्ता पत्रक करा : सभेची तारीख, संचालकाचं नाव, आल्याची-गेल्याची वेळ, रक्कम, सही. त्यावर सर्वसाधारण सभेच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख छापूनच घ्या. हे पत्रक व्हाउचरला जोडा, कीर्दीत त्याच दिवशी नोंद करा. वर्षाचा भत्ता एकदम रोखीनं द्यायची पद्धत काही ठिकाणी आहे. तसं करत असाल तर ५,००० रुपयांच्या वर गेलेल्या पावतीला एक रुपयाचा महसूल तिकीट लागतो, हे विसरू नका. पण मी दर महिन्याला द्यायच्या बाजूचा आहे. ज्याचा रोजगार बुडतो त्याला पैसे त्याच आठवड्यात लागतात, मार्चअखेरीला नव्हे.

कराचं थोडक्यात. सहकारी संस्थेच्या संचालकाला मिळालेला भत्ता त्याच्या वैयक्तिक उत्पन्नात धरला जातो. विवरणपत्र भरत असेल तर त्यानं तो दाखवावा. शेतकरी उत्पादक कंपनीत मात्र कंपनीच्या संचालकाला दिलेल्या बैठक फीवर १० टक्के टीडीएस कापावा लागतो, रक्कम कितीही लहान असो. संचालकाच्या सेवेवरचा जीएसटी उलट आकारणीनं, म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं, भरायची जबाबदारीही कंपनीवर येते. नोंदणीकृत सहकारी संस्था कंपनी कायद्यातल्या 'निगम निकाय' (बॉडी कॉर्पोरेट) या व्याख्येतून वगळलेली असल्यानं तिला ही जीएसटीची जबाबदारी लागू होत नाही. गावात सहकारी संस्था आणि उत्पादक कंपनी दोन्ही असतील आणि संचालकही तेच असतील तर दोन्हींचे कागद एकमेकांत मिसळू देऊ नका आणि सीएला वर्षातून एकदा दाखवा.

अहवालात एक पान

वार्षिक अहवालात ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक छापतोच. त्याच्या शेजारी एक तक्ता घाला : संचालकाचं नाव, वर्षात झालेल्या सभा, हजर सभा, मिळालेला भत्ता, मिळालेला प्रवासखर्च. अकरा ओळींचा तक्ता. आम्ही पहिल्यांदा छापला त्या वर्षी संचालकांची हजेरी वाढली, कारण बारापैकी चार सभांना आलेल्याचं नाव घरोघरी गेलं होतं.

तुम्ही संचालक नसून सभासद असाल आणि असा तक्ता अहवालात नसेल, तरी तुम्हाला माहिती मिळते. कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेच्या कार्यालयात, कार्यालयीन वेळेत, पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभेचं आणि संचालक मंडळाच्या सभांचं इतिवृत्त विनाशुल्क बघता येतं. फी भरून प्रती मागितल्या तर एक महिन्याच्या आत द्याव्या लागतात. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. इतिवृत्तातल्या हजर संचालकांची संख्या गुणिले दर, आणि खर्चातली भत्त्याची रक्कम, एवढं ताडून बघितलं तरी पुष्कळ कळतं.

चूक सापडली तर आधी चेअरमनना लेखी कळवा. जास्त दिलेली रक्कम परत भरून घेऊन ऑडिटनंतरच्या दोष दुरुस्ती अहवालात तसं दाखवणं हा सरळ मार्ग आहे, आणि बहुतेक वेळा गाव तेवढ्यावर मिटतं. नाही मिटलं तर निबंधकांकडे तक्रार करता येते. संस्थेचं नुकसान करणाऱ्यांवर ते निश्चित करून वसूल करण्याची तरतूद कलम ८८ मध्ये आहे.

"मला नको" म्हणणारा संचालक

हा प्रसंग प्रत्येक संस्थेत येतो. पहिल्याच सभेत कुणीतरी मोठा शेतकरी उभा राहतो आणि म्हणतो, "मला भत्ता नको, संस्थेला राहू द्या." टाळ्या पडतात. मग दुसरा, तिसरा. खोलीत ज्यांना त्या दीडशे रुपयांची खरी गरज आहे त्यांना मान खाली घालून 'मलाबी नको' म्हणावं लागतं.

आमच्याकडं हे झालं तेव्हा मावशी उठून बोलल्या नाहीत, पण त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या सभेनंतर चेअरमनशी बोलून आम्ही पद्धत ठरवली : भत्ता नाकारायची घोषणा सभेत करायची नाही. रक्कम नियमाप्रमाणं सगळ्यांच्या खात्यावर जाईल. ज्याला संस्थेला द्यायची आहे त्यानं नंतर कार्यालयात येऊन आपल्या नावानं देणगी भरावी आणि पावती घ्यावी. देणगीदाराचं नाव अहवालात इतर देणग्यांबरोबर येईल, भत्त्याच्या तक्त्यात नाही.

त्या वर्षी तिघांनी देणगी भरली. मावशी बारापैकी अकरा सभांना आल्या. बाराव्या सभेच्या दिवशी त्यांची म्हैस व्याली होती.